नव्या शेजाऱ्यास, उद्घाटनापूर्वी

मा. जनरल मॅनेजर साहेब,


आपल्या पंचतारांकित हॉटेलचे दरवाजे सर्वसामान्यांना (म्हणजे ज्यांना परवडतं अशा सर्वसामान्यांना) उघडण्याआधी समोरच्या चाळीतल्या आम्हा चौघांना आत फिरवून आणलंत, त्याबद्दल लोअर परळची ही गल्ली आपली ऋणी आहे. इतकी वर्षं आम्ही आपली इमारत नुसती ऐकत होतो. पाहायला प्रथमच मिळाली.

लॉबीतल्या भिंतीवर धोटे टांगलेत, ते छानच. पण आमच्या अप्पांची हयात साचेखात्यात गेली. त्यांनी एक धोटा काढून तळहातावर तोलला आणि गुपचूप परत अडकवला. चौकशी केल्यावर कळलं की डेकोरेटरने नवे करवून घेऊन जुने दिसतील असे रंगवलेत. साहेब, शब्द टाकायचा होता! १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर आलं आणि त्यातलं बरंचसं पुन्हा आत गेलंच नाही. आमच्या माळ्यांवर खरा माल अजून पडून आहे. बारचं नाव ‘थर्ड शिफ्ट’ ठेवलंय, तेही आवडलं. अप्पांनी एवढंच विचारलं, की बदलीवाल्याला आत घेतात का?

सहाव्या मजल्यावरची बाग पाहून मात्र एक जुनं कोडं सुटलं. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली आणि वाटणी उरली ती फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्यांची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्तीच उचलून धरली. मोकळी जागा गेली कुठे, म्हणून आम्ही खाली शोधत बसलो होतो. ती वर आहे, लिफ्टने जावं लागतं.

आता मुद्द्याचं. उद्घाटनापूर्वी आपण पत्रकार आणि इन्स्टाग्रामवाल्यांना दोन-दोन रात्री फुकट ठेवून घेणार आहात, असं आम्हाला फिरवणाऱ्या आपल्याकडच्याच मुलीने सांगितलं. (गोड मुलगी आहे, दर वाक्यात ‘एक्स्पिरिअन्स’ म्हणते.) फुकटच्या गादीवर झोपलेला माणूस उशीला नावं ठेवेल कसा? आपल्याला हवीत ती खोट काढणारी माणसं, आणि ती आमच्याकडे मुबलक आहेत.

नमुन्यादाखल आमच्या काकू घ्या. आपल्या स्वीटमध्ये पाच मिनिटं उभ्या राहून त्यांनी जे काढलं ते आपल्या सल्लागारांना जमलेलं दिसत नाही. न्हाणीघराची भिंत काचेची आहे. ती कोणाच्या सोयीसाठी? बादली-तांब्या नाही. ओला टॉवेल वाळत घालायला दोरी तर सोडाच, खिळासुद्धा नाही. दिव्यांना बटणं नाहीत, सगळे दिवे एका टॅबवरून लागतात. म्हणजे रात्री पाणी प्यायला उठलं की टॅब वाचायला चष्मा शोधायचा, आणि चष्मा शोधायला दिवा लावायचा. मेनूतली ‘मिलेट फ्लॅटब्रेड’ म्हणजे भाकरी आणि तिच्यासोबत पिठलं, हे कळल्यावर काकूंनी किंमतही विचारली. त्यांच्या आईने याच भागात गिरणीवाल्यांची खानावळ चालवली. अशाच बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तेव्हा पिठलं-भाकरीच्या बाबतीत काकूंचं मत आपल्या शेफपेक्षा वरचं धरावं. किंमत ऐकून त्या काही बोलल्या नाहीत; ते मत समजावं.

उत्साहाच्या भरात आपण म्हणालात, की ‘ताज’नंतर मुंबईत असं काही झालेलं नाही. ‘ताज’ उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. समोर गेटवे नव्हता, तो पुरा व्हायला १९२४ उजाडलं. आणि इमारतीच्या नकाशांवर सीताराम खंडेराव वैद्य नावाच्या माणसाचा हात होता. आपल्याकडे वैद्य, सावंत, पवार भेटले ते गेटवर आणि लॉन्ड्रीत. तेही तिसऱ्या कंपनीमार्फत घेतलेले, हे त्यांनीच हळूच सांगितलं.

राहता राहिले टँकर. आपल्या टेरेसवरच्या तलावासाठी ते पहाटेच गल्लीत उलटे शिरतात आणि मागे येताना किंचाळतात, त्यामुळे चाळीला पुन्हा भोंग्याने उठायची सवय लागलीय. वारसा जपावा तो असा. फक्त जुना भोंगा वाजला की मागोमाग पगारही असायचा. आमच्या नळाला पाणी यायची आणि टँकर गल्ली अडवायची वेळ एकच आहे. तेवढी जरा मागेपुढे करता आली तर पाहावी.

बाकी काकू एक रात्र राहून सगळं तपासून द्यायला तयार आहेत. मोबदला नको. साबण आणि पंचा त्या घरचाच आणतील; बादलीचं मात्र आपण बघा.

आपला,
समोरच्या चाळीतला शेजारी