मामांची दाढी आणि देशाचा रोजगार

मामांकडे राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एमएस्सी भाचा गेल्या रविवारी अखेर नोकरदारांच्या रांगेत जाऊन बसला. झालं एवढंच, की मामा दाढीला निघाले आणि ‘जरा टपरीवर बस रे’ म्हणाले. भाचा बसला. तासभर.

संपलं. श्रमबल पाहणीच्या साप्ताहिक हिशेबात सात दिवसांत कधीही निदान एक तास काम केलं, की माणूस रोजगारात. घरच्या धंद्याला हात लावणाऱ्याला छदामही मिळाला नाही तरी चालतं.

खरं श्रेय सलूनवाल्याचं. दाढी वीस मिनिटांची. पण त्याने कांद्याच्या भावाचा विषय काढला, मग सरपंचाच्या नव्या गाडीचा, आणि शेवटी मामांची चंपीही केली. त्याचा हात चपळ असता तर भाचा चाळीस मिनिटांवर लटकून बेकारच राहिला असता. तेव्हा गावोगावच्या सलूनवाल्यांना सावकाश दाढीचं प्रशिक्षण द्यावं, चंपी सक्तीची करावी, कटिंग दोन बैठकांत उरकावी. कारखान्याला जमीन लागते, वीज लागते. इथे एका वस्तऱ्यात काम भागतं.

भाच्याच्या वहीत बेरोजगारीचे प्रकार सुवाच्य अक्षरात आहेत. गाळप संपलं, ऊसतोडीचा कोयता आढ्याला गेला, की ती हंगामी. दोन एकरांत चौघे भाऊ राबतात, पैकी दोघे उठून गेले तरी पोतं कमी भरत नाही, ती छुपी. (टपरीवर दुसऱ्या माणसाची गरज नाही, हे मामांनाही ठाऊक आहे.) शिक्षण एक आणि मागणी भलत्याचीच, ती संरचनात्मक. एक नोकरी सोडून दुसरी मिळेपर्यंतची ती घर्षणात्मक. हा प्रकार भाच्याला परदेशी वाटतो.

एका तासाची व्याख्या आंतरराष्ट्रीय आहे, कबूल. पण जिथे बेकारभत्ता मिळतो, तिथे माणसाला बेकार राहता येतं. इथे रिकामं बसणं परवडतं कुणाला? एप्रिल २०२५ मध्ये बेरोजगारी ५.१ टक्के निघाली, ती या तासाच्या मापाने. २०२३-२४ मध्ये दर शंभर काम करणाऱ्यांत ५८ स्वयंरोजगारी होते, आणि त्यांतले १९ घरच्या धंद्यातले बिनपगारी मदतनीस. पगार न मिळणाऱ्याला कामाला लागलेला म्हणायचं आणि परीक्षेच्या अर्जाचं शुल्क त्याच्याच खिशातून काढायचं, तेही परत न मिळणारं! याला हिशेब म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

तूर्त वाचकांना एकच विनंती. रविवारी दाढीला निघालात, तर दुकानावर घरातला एखादा पदवीधर बसवा आणि साठ मिनिटांच्या आत परतू नका.