सोनं गेलं, ओल राहिली

व्हेनिसच्या वाड्यांचा सगळा थाट कालव्याच्या बाजूला. पाहुणे होडीतून यायचे, म्हणून नक्षी, कमानी, खांब सगळं पाण्याकडे. गल्लीतून आलात तर नुसती पोपडे सुटलेली भिंत. ग्रँड कॅनॉल पाहायचा तर एक नंबरची जलबस धरावी. ती दर थांब्याला रेंगाळते. फक्त शेजारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले नाना नसावेत.

पहिला वाडा दिसताच नाना म्हणाले, "ओल आहे."

"नाना, हा वेंद्रामिन कालेर्जी. संगीतकार वाग्नर 1883मध्ये इथेच वारला."

"वारणारच. ओल बघा किती आहे!"

"हृदयविकारानं गेला हो!"

"निमित्त काहीही असू दे."

आता तिथे जुगारखाना आहे, म्हणजे श्वास कोंडायची सोय अजून चालू आहे. पुढे का' दोरो, म्हणजे सोन्याचं घर. पंधराव्या शतकात दर्शनी भागावर खरा सोन्याचा मुलामा होता. नानांचा शेरा तयार होता: "सोनं गेलं, ओल राहिली." नानी म्हणाल्या, "अहो, जरा वर बघा की! केवढी नाजूक जाळी आहे!" नाना पाण्याच्या रेषेवरचं शेवाळ न्याहाळत होते.

रियाल्टोचा पूल मागे पडला. एका ठिकाणी भव्य वाड्यांच्या रांगेत एकच मजला बांधून सोडून दिलेला वाडा लागला. अठराव्या शतकात काम थांबलं ते थांबलंच. आज तिथे गुगेनहाइमचं कलासंग्रहालय आहे. नानांचा चेहरा प्रथमच उजळला. "निधी संपला असणार," ते आपुलकीनं म्हणाले.

तेवढ्यात समोर सालूते चर्चचा घुमट आला. 1630च्या प्लेगात बोललेला नवस. लोंगेनानं आराखडा केला, 1631मध्ये काम सुरू झालं आणि 1687मध्ये पुरं.

"छप्पन वर्षं! आणि लोक आमच्या खात्याला नावं ठेवतात!"

"खाली चिखलात दहा लाखांवर लाकडी खुंट ठोकलेत म्हणतात. हवा लागत नाही, म्हणून लवकर कुजत नाहीत."

नानांनी टोपी काढली. घुमटासाठी नव्हे, खुंटांसाठी.

सान मार्कोला उतरल्यावर सगळे बॅसिलिकाच्या माथ्यावरचे चार घोडे टिपत होते. तेही नकली, अस्सल आत ठेवलेत. नाना मात्र भरतीचं पाणी अडवायला 2022मध्ये चर्चभोवती उभारलेल्या काचेच्या भिंतीपाशी वाकले होते. सांधे बोटानं दाबून पाहत त्यांनी नानींना हाक मारली, "अगं, इकडे ये. फोटो काढायचा तर याचा काढ!"