गुर्जींची कात्री

शाळेत होते तोवर गुर्जींनी मुलांच्या निबंधांतली वाक्यं लाल शाईने उडवली. 'माझी सहल'मधलं 'आम्ही सकाळी उठलो, दात घासले' तर ते न वाचताच खोडत. निवृत्त झाल्यावर त्यांनी व्हिडिओ एडिटिंग शिकायला घेतलं, आणि त्यांच्या पहिल्या फिल्ममध्ये गुर्जी सकाळी उठतात, दात घासतात.

फिल्मचं नाव 'आमचं शिरपूर'. तिथलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर 1981 पासून वादापायी कुलपात होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये ते उघडलं, तेव्हा बाहेरच्या गर्दीत मोबाइल उंच धरून गुर्जी उभे होते. पण फिल्म मंदिरापाशी सुरू होत नाही. आधी दात, मग चहा, मग घरापासून मंदिरापर्यंतची सगळी वाट, न थांबता. वाटेत गाय आडवी येते. ती हलेपर्यंत आपणही थांबायचं.

पुतण्या लग्नाच्या शूटिंगवाला, शिकवणी त्याचीच.

"मोठेबाबा, गाय उडवा."

"काहून? होती ना ते थितं."

"होती, पण पाहणाऱ्याले तिचं काय?"

"बेचाळीस वर्षं दम धरला लोकायनं. एका गायीसाठी दोन मिनिटं नाही धरत?"

पुतण्याने मग वॉल्टर मर्च काढला. 'अपोकॅलिप्स नाऊ' या सिनेमाचं सुमारे 230 तासांचं चित्रीकरण संकलकांनी अडीच तासांवर आणलं, मर्च त्यातलाच एक. गुर्जी हळहळले. "एवढी नासाडी! घरी कोणी बोललं नाही त्याले?"

कापवत नाही, म्हणून गुर्जी जोडांवर जीव ओततात. दोन शॉट नुसते शेजारी ठेवले की काम भागतं, हे त्यांना अपुरं वाटतं. कुठे पान उलटतं, कुठे चक्र फिरतं, कुठे बदामाच्या आकारातून पुढचा शॉट उमलतो. एका मित्राच्या तेरवीला त्यांनी फोटोंची फीत करून दिली. त्यात हार घातलेला फोटो बदामातून गरगरत आला. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चांगलं झालं भाऊजी, पण यायले इतकं फिरवलं काहून?"

खरा घात जागेनं केला. पुतण्या बजावत होता, साधं रेकॉर्डिंग पुरे. पण गुर्जींना गाय फोर-केमध्येच हवी, आणि त्यात मिनिटाला साडेतीनशे एमबी सहज जातात. कॉम्प्युटर भरला. गुर्जींनी सगळे शॉट पेन ड्राइव्हवर हलवले, मूळचे पुसले आणि पेन ड्राइव्ह कपाटात ठेवला. फिल्म तर सॉफ्टवेअरमध्ये आहे, या भरवशावर. सॉफ्टवेअर शॉट पोटात ठेवत नाही; कोणता शॉट कुठे पडलाय आणि त्यातला कुठून कुठवर घ्यायचा, एवढंच लिहून ठेवतं. पत्ता बदलला की ते हात वर करतं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर दातांपासून मंदिरापर्यंत पडदा लालभडक: 'मीडिया ऑफलाइन'. सगळा निबंध खोडलेला! पुतण्याने पेन ड्राइव्ह लावून नवा पत्ता दाखवला आणि गाय पुन्हा आडवी आली. तोवर गुर्जी पाणीसुद्धा प्याले नव्हते.

तरी कापायला ते शिकले. फक्त शॉट दुसऱ्याचा लागतो, इतकंच. जुन्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण पुतण्याने केलं आणि जोडणी गुर्जींकडे आली. लेझीम नीट बसवली, माइकची शिट्टी दाबली, मुलांचे चेहरे अचूक निवडले. मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण आलं. ते पाऊण तासाचं. गुर्जींनी चष्मा लावला.

तयार फीत पाहून पाहुण्यांचा फोन आला.

"गुर्जी, मी उभा राहिलो, 'दोन शब्द बोलतो' म्हणालो, अन् लगेच टाळ्या?"

"हो."

"बाकीचं भाषण?"

"तुम्हीच कबूल केलं ना," गुर्जी म्हणाले, "दोन शब्द. म्या तर तीन ठेवले."