घामाचा भाव

मोटारशर्यतींच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मळ हाच दागिना. शर्यतपटूचा सूट धुतला की संग्राहक हळहळतो; घामाचे डाग, तेलाचे ओघळ, हेल्मेटवरचे ओरखडे, सगळं जिथल्या तिथे हवं. वर ‘घाम त्याचाच’ असा दाखलाही. मग २०११मध्ये लिलावात ९,८४,००० डॉलरना गेलेला पांढरा सूट कुणाचा? नटाचा! १९७१च्या ‘ल मां’ या शर्यतीवरच्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने घातलेला. (गडी खऱ्या शर्यतीतही गाडी मारायचा, १९७०मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत पाय प्लास्टरमध्ये असताना दुसरा आला. बहुतेक वेळ गाडी जोडीदार पीटर रेव्हसनने हाकली, ते सोडा.) रेव्हसनच्या घामाला काय भाव, हे कुणी विचारत नाही.