अपग्रेडनंतरचे आप्पा

लिफ्ट अडकली की कंपनीला फोन, पाणी आलं नाही की सेक्रेटरीला, आणि विंडोज अपग्रेड केल्यावर लॅपटॉपचा आवाज गेला की आप्पांना. कोथरूड, डोंबिवली, नाशिक, कुठेही जा. पन्नास-साठ बिऱ्हाडांच्या सोसायटीत एक आप्पा असतातच. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे बापू. टेलिफोन खातं, बँक नाहीतर वीज मंडळ यांपैकी एका ठिकाणाहून निवृत्त, चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पेन ड्राइव्ह. संगणकाची पदवी नसते. ती असलेला मुलगा वरच्याच मजल्यावर राहतो, रोज कंपनीच्या बसनं हिंजवडीला जातो आणि "काकू, मी सॉफ्टवेअरवाला, हे हार्डवेअरचं दिसतंय" असं सांगून जिना उतरतो. आप्पांचं म्हणणं असं, की गेलंय ते हार्डवेअर की सॉफ्टवेअर हेच तर आधी शोधायचं असतं. ते न शोधताच ज्याला कळतं, त्याच्या पदवीला त्यांचा लांबूनच नमस्कार.

त्यांची हत्यारं एका जुन्या दाढीच्या किटमध्ये मावतात. चुंबकीय टोकाचा स्क्रूड्रायव्हर, पंख्यातली धूळ काढायला चित्रकलेचा ब्रश, रॅमची सोनेरी टोकं पुसायला पांढरा खोडरबर, यूएसबीचा एक साधा कीबोर्ड, नखाएवढा वायफाय डोंगल आणि उबुंटू भरलेला एक पेन ड्राइव्ह. खोडरबरावर नातवाचं नाव आहे. तो परत मागायचं त्यानं सोडून दिलं आहे.

आप्पांचा हंगाम पूर्वी दोन-तीन वर्षांतून एकदा यायचा. २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हा पडद्याचे आणि आवाजाचे ड्रायव्हर लिहिण्याची पद्धतच मायक्रोसॉफ्टनं बदलली, आणि घरोघरचे चांगले चालते प्रिंटर, स्कॅनर एका रात्रीत अनोळखी झाले. आप्पांची कारकीर्द तिथे सुरू झाली. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आलं, वर्षभर फुकट मिळालं, आणि फुकट म्हटल्यावर सोसायटीत कोणी मागे राहिलं नाही. पण खरा सुकाळ २०२५ चा. १४ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या तीन दिवस आधी, विंडोज १० चं नेहमीचं पाठबळ संपलं. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० या सुरक्षेच्या घटकाची सोय नव्हती किंवा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा होता, त्यांना विंडोज ११ ची पायरी चढता येईना. त्यांच्यासाठी आप्पांनी सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं, की घाबरू नका, आपल्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चालू ठेवलात तर आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट पैसे न भरता मिळतात. त्या संदेशाखाली लगेच उटण्याची जाहिरात आली, मग आकाशकंदिलाचा फोटो, आणि संदेश वर गेला तो गेलाच.

ज्यांच्या मशीनला पायरी चढता येत होती त्यांनी बटण दाबलं. हे बटण माणसं रात्री साडेअकराला दाबतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलाची ऑनलाइन परीक्षा असताना दाबतात. असं का, याचा उलगडा आप्पांना अजून झालेला नाही.

जुन्या फॅमिली डॉक्टरसारखे आप्पा आधी मशीनला हात लावत नाहीत. माणसाला बोलतं करतात. "मी काहीच केलं नाही हो, आपोआपच झालं," हे पहिलं वाक्य ते सोडून देतात. कारण सगळेच ते म्हणतात. मग विचारतात: आवाज पूर्ण गेला की खरखरतो? हेडफोनवर येतो का? काल नेमकं शेवटचं काय चालू होतं? अपग्रेडच्या आधी कुठे नेला होता? या चौकशीला लोक कंटाळतात. त्यांना चालू करून हवं असतं. आप्पांना बंद का पडलं ते हवं असतं. दोन्ही पक्षांमध्ये चहाचा कप असतो म्हणून गोडी टिकून आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं प्रकरण घ्या. अपग्रेड निर्विघ्न झालं, सकाळी लॅपटॉप मुका. आप्पांनी स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून डिव्हाइस मॅनेजर उघडला. आवाजाच्या रकान्यात पिवळं त्रिकोणी चिन्ह नाही. म्हणजे विंडोजच्या मते आवाजाचं सगळं आलबेल. तिथे मात्र रिअलटेकचं नाव नव्हतं, त्या जागी 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' असं मोघम काहीतरी बसलं होतं. आप्पांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. लॅपटॉप बनवणारी कंपनी आपल्या स्पीकरच्या जोडणीप्रमाणे ड्रायव्हर बेतून देते. अपग्रेडच्या धांदलीत तो निघतो आणि सगळ्यांना थोडाथोडा चालेल असा सरसकट ड्रायव्हर येऊन बसतो. हेडफोनला तो चालला, स्पीकरला नाही. स्पीकर ठणठणीत होते. त्यांना हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

आता कंपनीच्या पानावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवायचा, तर वायफायही गेलेलं. वायफायचा ड्रायव्हर आणायला वायफाय हवं, या पेचावर निम्मी जनता हात टेकते आणि दुकान गाठते. आप्पांनी वहिनींचा फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडला आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. फोनचं इंटरनेट तारेतून लॅपटॉपमध्ये आलं. मग लॅपटॉप उलटा करून, मोबाइलच्या टॉर्चमध्ये, पोटावरच्या झिजलेल्या स्टिकरवरून मॉडेलचा नंबर वाचला. तो आठ आहे की बी, यावर वहिनींशी थोडा वाद झाला. ड्रायव्हर बसला, मशीन रिस्टार्ट झालं, वहिनींनी रात्रीचा व्हिडिओ लावला आणि "आता यात चवीपुरतं मीठ" असं वाक्य इतक्या जोरात घुमलं की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

रिस्टार्ट या विषयावर आप्पा हळवे आहेत. "रिस्टार्ट केलंत का?" असं विचारलं की लोकांना अपमान वाटतो. "अहो, रोज रात्री बंद करतो!" आप्पा काही न बोलता टास्क मॅनेजर उघडतात, परफॉर्मन्समध्ये जातात आणि 'अप टाइम' या शब्दांवर बोट ठेवतात. तिथे छत्तीस दिवस असं लिहिलेलं असतं. रोज बंद होणारं मशीन सलग छत्तीस दिवस जागं कसं? २०१२ साली विंडोज ८ बरोबर फास्ट स्टार्टअप आलं, तेव्हापासून ते चालू असलं की शटडाउन करताना विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तीच उचलून पुढे चालतात. म्हणून मशीन झटपट सुरू होतं. त्याबरोबर आदल्या दिवशी अडकलेला ड्रायव्हरही तसाच अडकलेला परत येतो. रिस्टार्ट केलं तरच गाभा नव्यानं चालू होतो. एवढं ऐकून घेतल्यावर समोरचा म्हणतो, "म्हणजे बंद करूनही बंद होत नाही? कमाल आहे!" आणि त्या रात्रीही शटडाउनच करतो.

सगळेच दोष ड्रायव्हरचे नसतात. तळमजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांचं म्हणणं होतं, की अपग्रेडनं त्यांच्या कीबोर्डची ए, क्यू आणि झेड ही तीन अक्षरं खाल्ली. आप्पांनी उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावला आणि मशीन त्याच्यावरून सुरू केलं. या वेळी विंडोज डिस्कवर झोपलेलं असतं. तिथेही ती तीन अक्षरं उमटेनात. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावला, त्यावर लगेच उमटली. म्हणजे विंडोज निर्दोष, कीबोर्ड गेलेला.

"चहा कधी सांडला होता?" आप्पांनी विचारलं.

"चहा अजिबात नाही," प्राध्यापक ठामपणे म्हणाले.

आप्पा थांबून राहिले. पंख्याचा आवाज येत राहिला.

"कॉफी होती. पण ती गणपतीत."

मग अपग्रेडच्या दिवशीच हे का कळलं? प्राध्यापक लॅपटॉपवर फक्त क्रिकेट बघत आणि बोट टेकवून आत शिरत. अपग्रेडनंतर बोटाचा ठसा ओळखेनासा झाला, पासवर्ड टाइप करायची वेळ आली, आणि पासवर्डमध्ये ए होता. नवा कीबोर्ड पुण्याच्या तापकीर गल्लीतून आला. प्राध्यापक मात्र अजूनही कोणी विचारलं तर "विंडोज अकरानं बिघडवला" असंच सांगतात.

सी विंगमधल्या मुलीची तक्रार बॅटरीची होती. अपग्रेडच्या आधी तीन तास चालायची, आता सव्वा तास. आप्पा म्हणाले, पहिले एक-दोन दिवस नवं विंडोज सगळ्या फायलींची यादी नव्यानं करत बसतं, पंखा ओरडतो, बॅटरी उतरते, थांब. आठवडा गेला तरी फरक पडेना, तेव्हा काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करून त्यांनी विंडोजकडूनच बॅटरीचा अहवाल काढला. बॅटरी नवी असताना तिच्यात किती मावत होतं आणि आता पूर्ण भरल्यावर किती मावतं, हे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्याहून कमी होता, आणि खालच्या इतिहासात तो महिनोन्‌महिने घसरत आलेला दिसत होता. मुलगी एवढे दिवस चार्जर लावूनच बसायची, म्हणून कळलं नव्हतं. आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मुलीच्या चेहऱ्यावर नव्या बॅटरीची किंमत पसरली.

आप्पांचा एकच शत्रू, तो म्हणजे चौकातला दुकानदार. तो चौकशी करत नाही. "फॉरमॅट मारावा लागेल" नाहीतर "मदरबोर्ड गेलाय" या दोन वाक्यांवर त्याचा संसार चालतो. फॉरमॅट मारल्यावर पुष्कळदा लॅपटॉप सुरूही होतो, हेच आप्पांचं दुःख. मुलाच्या मुंजीचे फोटो गेले, डिजिटल सहीचं टोकन ओळखेनासं झालं, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सोसायटीची इतिवृत्तं भलत्याच इंग्रजी अक्षर-चिन्हांत दिसू लागली, पण "चालू झाला ना?" या प्रश्नाला हो म्हणावंच लागतं.

आप्पा अपग्रेडचे वकील आहेत असं मात्र नाही. खरा दोष असला की ते तारखेसकट सांगतात. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट काही लोकांच्या फायलीच पुसत असल्याचं निघालं आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. त्याच महिन्यात एचपीच्या काही मशीनवर चुकीचा कीबोर्ड ड्रायव्हर गेला आणि निळा पडदा आला. २०२४ सालच्या आवृत्तीच्या वेळी काही कॅमेऱ्यांशी खटका उडतो असं दिसल्यावर त्या लॅपटॉपना कंपनीनं ती आवृत्ती देणंच रोखून धरलं. तरी मागच्या दारानं ती आणून बसवणारे पराक्रमी पुरुष बी विंगमध्ये निघालेच.

आप्पांच्या आयुष्यातला मानाचा क्षण मात्र हुकला. दिवाळीच्या साफसफाईत घरातून हुकूम सुटला, "अहो, माळ्यावरचं ते जांभळ्या गोल पिनेचं धूड आज भंगारात जाणार." तो वीस वर्षं जपलेला पीएस/२ चा कीबोर्ड होता. गेला. त्याच आठवड्यात बातमी आली, की १४ ऑक्टोबरच्याच विंडोज ११ च्या अपडेटनं दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबीचे कीबोर्ड आणि माउस चालेनासे झालेत. म्हणजे मशीन दुरुस्त करायला जिथे जायचं, तिथेच हात बांधलेले. गोल पिनेचा जुना कीबोर्ड मात्र तिथे चालत होता. पुष्कळ लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड आतून त्याच जुन्या पद्धतीनं जोडलेला असतो, म्हणून लॅपटॉपवाले बचावले. सोसायटीच्या ऑफिसातला डेस्कटॉप अडकला असता तर त्या धुडाचा केवढा सत्कार झाला असता! पण तो अडकला नाही, आणि २० तारखेला मायक्रोसॉफ्टची दुरुस्तीही येऊन पोचली. आप्पा दोन दिवस चकलीला शिवले नाहीत.

रात्रीत आपोआप उतरलेल्या ड्रायव्हरनं एखादा टचपॅड परस्पर बरा केला, की आप्पा असेच खट्टू होतात. "बरं झालं," असं म्हणतात आणि किटची चेन लावतात.

दिवाळीनंतर त्यांनी सूचनाफलकावर स्वतःच्या अक्षरात कागद लावला. अपग्रेडपूर्वी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मॉडेलचा नंबर लिहून ठेवावा. वायफाय आणि आवाजाचे ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावेत. चार्जर लावलेला असावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष कशाचा ते कळतं. आणि ठळक अक्षरात: नवं विंडोज पटलं नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्यावर परत जाता येतं, मात्र दहा दिवसांच्या आत, नंतर जुन्या विंडोजचं फोल्डर साफ होतं.

टाकी धुण्याच्या नोटिशीवर हा कागद लावला म्हणून सेक्रेटरी थोडे रागावले. बाकी कोणी काही बोललं नाही. मग एका रात्री सव्वाअकराला बी विंगमधून फोन आला.

"आप्पा, झोपला नाहीत ना? तुमचा कागद वाचला. फार उपयोगी. फक्त एक शंका होती. ते दहा दिवस अपग्रेडचा दिवस धरून, की सोडून?"

आप्पांनी चष्मा शोधला. "आज कितवा?"

"धरला तर अकरावा."