नंबर जुनाच आहे ना?

जुन्या मोटारींचे शौकीन जमले की बॉनेट नंतर उघडतात. आधी वाकून पाटी वाचली जाते. १९८९ नंतरचं ‘एमएच’ दिसलं की चेहरे पडतात. मुलगी देखणी, पण पत्रिका जुळेना! त्याआधीची तीन अक्षरी मालिका असली, की मग इंजिन टेम्पोचं, सीटा मारुतीच्या आणि रंग परवाचा असला तरी गाडी ‘एकदम ओरिजिनल’.

२०२१ मध्ये केंद्रानं पन्नाशी ओलांडलेल्या, फारसा फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिका आणली. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला मनाई. या मनाईवर कुणाचीच तक्रार नाही. रोज सुरू होते कुठे ती? ‘व्हीए’ला मात्र नाकं मुरडतात. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, त्यामुळे ‘व्हीए’वाला म्हणजे पंक्तीतला उपरा. सिपानीची तीनचाकी, फायबरची ‘बादल’सुद्धा जुन्या पाटीच्या जोरावर वरच्या पाटावर बसते.

एवढ्यात ४१४१ चा ‘दादा’ करून मिरवणारी एक धिप्पाड एसयूव्ही शेजारी लागली.

“काय हा थिल्लरपणा! आकड्यांचं वेड म्हणायचं का हे?” म्हणाले ते गृहस्थ, ज्यांनी नुसत्या नंबरासाठी भंगारातली अख्खी फियाट उचलली होती.

“हो, पण त्या फियाटचं काय केलंत?”

“कुठली फियाट?”