बोलला तो बॉट

मार्केटिंगचे प्राध्यापक हल्ली यंत्रमानवांच्या मागे लागले आहेत. मिंग-हुई हुआंग आणि रोलंड रस्ट या जोडीने २०१८ साली सेवाक्षेत्रातल्या बुद्धीच्या चार पायऱ्या मांडल्या. तळाशी यांत्रिक, मग विश्लेषक, मग अंतर्ज्ञानी आणि सगळ्यात वर सहानुभूतीची. यंत्र खालून चढत येणार, माणसाने वरची पायरी सांभाळायची. मांडणी सुबक आहे. कंपन्यांना तेवढा धीर कुठला? यंत्र तळाशी असतानाच वरचा माणूस घरी पाठवायची त्यांची घाई.

एअर कॅनडाचंच घ्या. आजी वारलेल्या एका प्रवाशाला तिथल्या चॅटबॉटने सांगितलं, तिकीट आत्ता काढा, शोकप्रसंगाची सवलत नंतर ९० दिवसांच्या आत मागा. त्याने मागितली, तर कंपनी म्हणाली, नियमात बसत नाही. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या लवादापुढे गेलं. तिथे कंपनीचा सूर काय, तर चॅटबॉट हा जणू वेगळाच इसम. त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! पगार नको, रजा नको, पीएफ नको; पण खापर फोडायला मात्र सज्ञान नागरिक. (सहानुभूतीची पायरी राहू द्या, हा थेट बळीचा बकरा झाला की!)

फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने हा बचाव धुडकावला आणि व्याज-खर्चासह सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर भरायला लावले. ते भरायचे होते कंपनीनेच. बॉटला कोणी प्रतिवादी केलंच नव्हतं.